वर्षश्राद्धाआधी विकणे आहे

५ जानेवारी, रविवार

जाहिरातीचे चार मसुदे फाडले. पाचवा कायम केला —

"विकणे आहे : कॅमेरा व दूरचे टिपणारी मोठी लेन्स. वापर पाच वर्षे. एकच मालक, पक्षीनिरीक्षक महिला. शटर काउंट ६१,४१२. दोष : (१) पट्टा एका बाजूने उसवलेला. (२) लेन्सच्या कडेस ओरखडा. कारण, शहाडच्या पुलाखालील दगड. (३) डावीकडील रबर सैल. (४) मालक हयात नाही."

शटर काउंट म्हणजे कॅमेऱ्याने आजवर कितीदा पापणी मिटली तो आकडा. जुन्या गाडीचे किलोमीटर विचारतात, तसा हा विचारतात. एकसष्ट हजार! आणि मी पाच वर्षे समजत होतो की बाईसाहेब पहाटे नदीकाठी निव्वळ चिखल तुडवायला जातात.

सुमितचा बाळकुमहून फोन. "बाबा, ही जाहिरात आहे की पंचनामा? निदान चौथा दोष तरी काढा!" विम्याच्या दाव्यांच्या खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाने महत्त्वाची माहिती दडवणे शोभत नाही, असे त्याला कळवले.

सर्वांना सांगून ठेवले आहे — वासंतीची तशी इच्छा होती, वर्षाच्या आत कॅमेरा विकावा. वर्षश्राद्ध २ मार्चला. त्याआधी ती वस्तू या घरातून गेली पाहिजे. आठ आठवडे. याहून किचकट प्रकरणे मी निकालात काढली आहेत.

७ जानेवारी, मंगळवार

तेवीस फोन. बावीस जणांनी "लास्ट प्राइस?" एवढेच विचारले — नमस्कार नाही, नाव नाही. तेविसाव्याने बदल्यात लव्हबर्डची जोडी देऊ केली, पिंजऱ्यासकट. पक्ष्यांचे फोटो काढायचा कॅमेरा देऊन पक्षी घ्यायचे! वासंती जमिनीवर बसून हसली असती.

१२ जानेवारी, रविवार

पहिले गिऱ्हाईक प्रत्यक्ष आले. विनीत नावाचा तरुण, कल्याणचा. गुडघ्यावर फाटलेली विजार. फाटलेली नव्हे, म्हणे तशीच विकत घेतलेली.

"एकसष्ट हजार? आँटी काय मशीनगन चालवायच्या काय?"

बगळा आणि ढोकरी यांतील फरक सांगा, असे मी विचारले. वस्तू कोणाच्या हाती जाते हे पाहणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

"काका, मला कॅमेरा घ्यायचाय. एमपीएससी नाही द्यायची."

मग त्याने लेन्स ट्यूबलाइटकडे धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "ह्याच्यात तर जाळं झालंय. आणि वास कसला येतोय?" चहाही न पिता गेला.

मीही ट्यूबलाइटकडे धरून पाहिली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी आहे. खरेच आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

कोपरीला गेलो. ठाणे पूर्वेला स्टेशनपासून पाच मिनिटांवर काळुरामचे दुकान. जुने कॅमेरे घेतो, विकतो, दुरुस्त करतो. दुकान एवढे अरुंद की गिऱ्हाईक आत आले तर मालकाला श्वास सोडावा लागतो. वासंती इथेच यायची. तो मला ओळखत नव्हता. पेटी उघडताच पेटीला ओळखले.

"काकींची ना ही? वास आधी आला, काका मागून आलात. ठेवलेली कुठे?"

"कपाटात. तिच्या रेशमी साड्यांत गुंडाळून. डांबराच्या गोळ्या घालून. कपाटाला कुलूप."

तो कपाळाला हात लावून स्टुलावर बसला. "काका, कसर लागते रेशमाला! काचेला लागते बुरशी. अंधार, कोंदट हवा, वापर नाही — तिला अजून काय पाहिजे? वरून गोळ्यांची वाफ काचेवर बसलीय. लेन्सची ममी केलीत तुम्ही."

दहा महिने मी ती वस्तू इतकी जपली, की ती जपण्याने खराब झाली. दावा माझ्याकडे आला असता तर 'मालकाचा निष्काळजीपणा' असा शेरा मारून मी तो फेटाळला असता.

उपाय विचारला. तो उघडून साफ करील. त्यानंतर रोज सकाळी अर्धा तास कोवळे ऊन, दोन्ही झाकणे काढून. मात्र थेट सूर्याकडे तोंड करायचे नाही, नाहीतर घर पेटेल. "आणि वापरा, काका. वापरात असली की जाळं धरत नाही. आता माणसाचंच बघा ना —"

"माणसाचे राहू द्या," मी म्हणालो.

त्याने तिळगूळ दिला. "गोड बोला, काका. सवय नसेल तर एक दिवस."

२२ जानेवारी, बुधवार

लेन्स साफ होऊन आली. सकाळी सात ते साडेसात गॅलरीत तिपाईवर ठेवली, शेजारी खुर्ची टाकून बसलो. राखण.

कामाला येणाऱ्या गंगुबाईंनी झाडू तसाच धरून पाहिले. "साहेब, बाई होत्या तेव्हा ह्याला कधी बोट लावलं नाहीत. आता लोणच्याच्या बरणीवानी उन्हात फिरवताय!"

मी पेपर तोंडासमोर धरला. तो उलटा होता, हे त्यांनीच जाता जाता सांगितले.

२५ जानेवारी, शनिवार

सोसायटीची नोटीस! माझ्या नावे!

समोरच्या इमारतीतील तीन महिला सदस्यांची तोंडी तक्रार — आपण रोज सकाळी मोठी दुर्बीण लावून आमच्या खिडक्यांकडे पाहता. मी लेखी खुलासा दिला : "सदर वस्तू दुर्बीण नसून लेन्स आहे. तिला बुरशीचा विकार झाला असून तज्ज्ञाच्या सल्ल्याने ऊन दिले जात आहे."

सेक्रेटरी तानाजीराव तो वाचून म्हणाले, "आजारी लेन्स! बरं, बरं. आम्हीपण तरुण होतो हो कधीतरी." डोळा मारला. मला! एकोणसत्तर वर्षांत माझ्यावर पहिल्यांदाच कोणी एखादा रंजक आरोप केला.

लेन्स आकाशाकडे वळवली.

२६ जानेवारी, रविवार

आकाशात काहीच नसते, असे वाटे. कठड्यावर कावळा येऊन बसला. बटण दाबले. शेपूट आले, कावळा आला नाही. वर्षश्राद्धाला घास शिवायला हाच येणार असेल, तर आधी ओळख झालेली बरी.

जाहिरातीत दुरुस्ती : शटर काउंट ६१,४१३.

२ फेब्रुवारी, रविवार

शटर काउंट ६१,७०२. आठवड्यात जाहिरात सात वेळा सुधारली. सुमितचा संदेश — "बाबा, विकताय की वापरताय?" कळवले, की साधन चालू स्थितीत असल्याची खात्री करणे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे.

कावळा पूर्ण आला. मान वाकडी करून तो माझ्याकडे असा पाहतो, जणू दाव्याची कागदपत्रे अपुरी आहेत.

८ फेब्रुवारी, शनिवार

एका मुलीचा फोन. नमस्कार म्हणाली, नाव सांगितले — संचिता. "लास्ट प्राइस" म्हणाली नाही. म्हणाली, "काका, तुमच्या ॲडमधला आकडा रोज वाढतोय. गिऱ्हाईक मी आहे की तुम्ही?"

कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. रविवारी टेनिस क्रिकेटच्या सामन्यांचे फोटो काढते. लेन्स दर वेळी भाड्याने आणते. ढोकरीचा प्रश्न विचारला.

"ढोकरी बसलेली असली की मातकट दिसते, उडाली की एकदम पांढरी. आमच्या शेतावर ढिगाने. का हो?"

"उद्या प्रात्यक्षिक घेतले जाईल," असे म्हणालो.

९ फेब्रुवारी, रविवार

शहाडजवळच्या मैदानावर सामना. मांडव, ढोल, कर्ण्यावरून समालोचन — "आणि हा बघा, हा बघा, चेंडू थेट म्हशीच्या गोठ्यात!" मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. मला कोणीतरी प्रमुख पाहुणा समजून शाल घातली, नारळ दिला. चूक लक्षात आणून देईपर्यंत फोटोही निघाला.

संचिता सीमारेषेबाहेर मातीत पालथी पडली होती, वासंतीचा कॅमेरा डोळ्याला. यष्टी उडाली त्या क्षणाचा फोटो तिने दाखवला : तिन्ही दांड्या तीन दिशांना, गोलंदाजाचे तोंड उघडे, मागे बाकावरच्या म्हाताऱ्याचा चहा हवेत.

"श्वास सोडताना दाबायचं, काका. धरून ठेवला की हात हलतो."

हे तिला कोणी शिकवले? "कोणी नाही. सुई टोचताना पण तसंच करते."

परत येताना विचारले, "एवढी मस्त वस्तू, विकताय कशाला?"

"पत्नीची तशी इच्छा होती."

हे वाक्य मी आता टपाल तिकिटासारखे चिकटवतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

विनीत परत आला. लेन्स साफ झाल्याचे त्याला काळुरामकडून कळले होते. पूर्ण किंमत, रोख. मी नाही म्हणालो.

"का पण? ढोकरी पाठ करून आलोय, काका!"

पाठ खरोखरच बिनचूक होते. नकाराचे कारण मी 'तत्त्वाचा प्रश्न' असे दिले. खरे कारण : तो लगेच नेणार होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

संचिता पैसे घेऊन आली. मूळ बिल सापडत नाही, असे सांगून परत पाठवले. बिल माझ्या खिशात होते. चौतीस वर्षे लोकांनी माझ्यापुढे खोटे बोलावे आणि मी पकडावे, असे चालले. खोटे बोलणे किती सोपे आहे, हे कोणी सांगितले नव्हते.

२३ फेब्रुवारी, रविवार

तिचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता.

"काका, स्पष्ट बोलू? दोन मार्चला मोठी फायनल आहे. ते वर्षभराचं काम देणार आहेत मला, पण स्वतःचं सामान पाहिजे म्हणतात. भाड्याची लेन्स ऐन वेळी कुणी दुसरा नेतो. तुम्ही नाही म्हणा, मी दुसरीकडे बघते. पण बिल, झाकण, पट्टा असं रोज एक नका सांगू. काकींची इच्छा होती ना? मग अडवतंय कोण?"

"कोणी नाही," मी म्हणालो. शनिवारी या, म्हणालो.

आज गॅलरीत बसलो नाही. कावळा येऊन, दोनदा ओरडून गेला.

१ मार्च, शनिवार

विक्री पूर्ण. अंतिम शटर काउंट ६३,००८.

पावती मी तयार ठेवली होती : दोन प्रती, क्रमांक, दोषांची यादी. पट्टा शिवून घेतल्यामुळे पहिला दोष खोडला. तिने सही केली आणि चौथ्या दोषावर बोट ठेवले. "हा दोष नाही, काका." पेन घेऊन तिने तोही खोडला. दस्तऐवजात एकतर्फी खाडाखोड! मी दुसरी प्रतही तिच्यापुढे सरकवली.

पेटीचा वास घेऊन म्हणाली, "ह्याच्यावर चेंडू आपटला तरी कसर लागणार नाही." मग खाली वाकून माझ्या पाया पडली. "पावती जपून ठेव," म्हणालो.

जिना उतरताना तिने पट्टा गळ्यात अडकवला आणि पेटी छातीशी धरली. वासंती काखेत मारायची.

काम मुदतीच्या एक दिवस आधी झाले.

२ मार्च, रविवार

वर्षश्राद्ध. गुरुजी दीड तास उशिरा आले आणि अर्ध्या तासात आटोपले. कावळ्याने मात्र वेळ पाळली.

जेवणाच्या पंगतीत सुमित सर्वांसमोर म्हणाला, "बाबांनी आईची शेवटची इच्छा पूर्ण केली." वासंतीच्या वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मी मठ्ठा वाढायला उठलो. ज्यांना नको होता त्यांनाही वाढला.

३ मार्च, सोमवार

तशी तिची इच्छा कधीच नव्हती. विकण्याबद्दल ती एक शब्दही बोलली नव्हती.

ठाण्याच्या रुग्णालयात, शेवटच्या आठवड्यात, तीन वेळा म्हणाली — "अहो, कॅमेरा आणा ना. समोर मोबाइलच्या टॉवरवर घारीनं घरटं केलंय." मी तीन वेळा म्हणालो — "हे रुग्णालय आहे. आधी बरी हो, मग बघू." शुद्ध, मुद्देसूद मराठीत.

आज सकाळी त्या खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. घरटे आहे. घार बसली आहे. माझ्याजवळ कॅमेरा नाही.