एकाच ओढ्याची पाच नावं

प्रिय नसीमा,

तू गेल्यापासून तुला लिहायचं धाडस होत नव्हतं. आज लिहितेय, कारण काल तुझ्या भूगोल विभागात जे झालं, ते दुसऱ्या कुणाला सांगू?

तुझी विद्यार्थिनी सुरेखा, खुलताबादकडची. गावच्या ओढ्यावरचा तिचा प्रबंध तू अर्ध्यावर सोडून गेलीस. तिनं तो एकटीनं पुरा केला आणि माझ्याकडे आणला. शुद्धलेखन तेवढं बघा, म्हणाली. मी पडले मराठीची प्राध्यापक! पानापानावर ओढा, ओढा, ओढा. मला ते वाचवेना. मी कुठं ओहोळ केला, कुठं नाला, कुठं झरा, कुठं प्रवाह. भाषा कशी खुलली, म्हणून स्वतःवरच खूश झाले.

काल तिची तोंडी परीक्षा. मी कौतुकानं मागच्या बाकावर जाऊन बसले. बाहेरगावच्या परीक्षकांनी नकाशा उलगडला.

"नकाशात एक ओढा आहे, मजकुरात पाच. बाकीचे चार कुठं आहेत?"

सुरेखानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"सर, आमच्या रानातून एकच वढा जातो. लिहिताना चुकलं माझं."

नसीमा, पोरगी माझी चूक स्वतःवर घेत होती. मी उठून खरं सांगितलं, तर परीक्षकांनी माझा विषय विचारला. मराठी, मी म्हणाले. "तरीच," एवढंच ते बोलले आणि प्रबंध परत केला. सोमवारपर्यंत दुरुस्त नाही झाला, तर तिचं वर्ष गेलं.

रिक्षात क्रांती चौकापर्यंत तीच मला समजावत होती. मॅडम, वढा हाय तिथंच हाय, रडू नका.

तू सांगितलं होतंस की गं! कँटीनमध्ये, चहा बशीत ओतत.

"ए शायरबाई, एका वस्तूला चार नावं दिली की तू पोरांना मार्क देतीस. माझ्याकडं तीच पोरं बुडतील."

मी हसण्यावारी नेलं. जरा रागावून का नाही सांगितलंस? एवढी कसली घाई होती तुला?

घरी येऊन तुझ्यावरचा माझा लेख काढला. निधन, देहावसान, काळाच्या पडद्याआड, अनंताचा प्रवास. सगळ्यांना फार आवडला होता. तू वाचला असतास, तर विचारलं असतंस, किती बायका गेल्या गं? एकच शब्द होता. तो सोडून सगळे वापरले मी. आमच्याकडे तो कठोर समजतात.

तू मेलीस, नसीमा.

लिहिलं एकदाचं. इतके महिने मला हे कळलंच नव्हतं का?

उद्या सुरेखाबरोबर तिच्या गावी जातेय. ओढ्याच्या काठानं चालणार आहे, नकाशा हातात धरून. तुला शब्द देते, सोमवारच्या आत जिथं जिथं ओढा होता, तिथं तिथं तो परत येईल. तेवढंच परत आणणं माझ्या हातात आहे.

तुझी,
शायरबाई