अकोल्याला सायकलनं जाण्याची तयारी

५ जानेवारी २०१८, शुक्रवार
जिनिंग आजपासून बंद. बोंडअळीनं कापूसच ठेवला नाही, मशीन काय हवेवर चालवणार? मालक म्हणाले, सूर्यभान, अर्धा पगार देत राहीन, रोज दुपारी येऊन सही करून जात जा.
मी खचलेलो नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.
वय चव्वेचाळीस. हातात वेळच वेळ. ४ मार्चला डॉक्टर लोकांचा सायकल ग्रुप अमरावतीहून अकोल्याला जाणार आहे. जवळपास शंभर किलोमीटर. मीही जाणार. व्हॉट्सअॅपवर नाव दिलं.
सायकलही घेतली. ग्रुपमधल्याच एका डॉक्टरांची जुनी, गिअरवाली. बावीस हजार. बायकोला, आरतीला, बारा सांगितले. पैसे तिच्या स्कूटीसाठी बाजूला ठेवलेले होते. पण तिला स्कूटीची एवढी घाई नाही. नांदगाव पेठेच्या कापड कंपनीत ती सुपरवायझर आहे, आणि कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी येते.

७ जानेवारी, रविवार
नऊ किलोमीटर! बडनेऱ्याच्या अलीकडून परत. दम अजिबात लागला नाही. बसण्याच्या जागेचा प्रॉब्लेम आहे. उभ्यानं जेवलो.
चूक माझी नाही, कपड्यांची आहे. गादीवाली सायकलची चड्डी लागेल.

९ जानेवारी, मंगळवार
चड्डी. अठराशे. ग्रुपमध्ये सगळ्यांकडे चार-चार हजाराच्या आहेत, म्हणजे मी बावीसशे वाचवले.
सायकल दुकानदार वकार विचित्र माणूस आहे. म्हणाला, भाऊ, काहून पैसे घालवता, महिनाभर चालवा, आंग आपोआप सरावते. अशानं याचं दुकान कसं चालणार?
आरतीनं चड्डी दोरीवर वाळत घालताना दाबून पाहिली. म्हणाली, जिनिंगमधी नाही कापूस, अन् तुमच्या चड्डीत हाय. मी तिला समजावलं की तो कापूस नसून जेल फोम आहे. बराच वेळ हसत होती. कंपनीच्या बसमध्येही सांगणार म्हणे.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत
हेल्मेट नव्हतं म्हणून गेलो नाही. सुरक्षितता आधी.

१६ जानेवारी
हेल्मेट आलं. आता हातमोज्यांशिवाय निघणं बरोबर दिसणार नाही.

२१ जानेवारी, रविवार
पेडलमध्ये अडकणारे बूट. साडेपाच हजार. पाय अन् पेडल एक होतात, शक्ती वाया जात नाही असं ग्रुपवरचे डॉक्टर म्हणतात.
पंचवटी चौकात सिग्नल लागला. मी थांबलो. पाय सुटला नाही. हळूहळू डाव्या बाजूला पडलो. मला उचलणारा ऑटोवाला म्हणाला, साहेब, उभ्या गाडीवरून कोन पडते?
तांत्रिक अडचण. वकारकडून जुने पेडल परत बसवून घेतले. तात्पुरते. बूट माळ्यावर.

२८ जानेवारी, रविवार
मोठा निर्णय. किती चालवली हेच कळत नसेल तर सुधारणा कशी होणार? सायकलचा कॉम्प्युटर घेतला. किलोमीटर, वेग, सगळं दाखवतो. वकारनं बसवून दिला, पण तोंड असं केलं जसं मी त्याच्याच खिशातून पैसे काढले.
ट्रायल: नऊ किलोमीटर. कॉम्प्युटरही नऊच म्हणाला. विश्वासू वस्तू.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
आरतीच्या कंपनीची बस बंद झाली. सोमवारपासून आपापलं या. तिनं विचारलं, स्कूटीचे पैसे किती जमले?
मी म्हटलं, पेट्रोलचे भाव पाहता स्कूटी हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. ती डबा पुसत बसली. रात्री नीट झोप लागली नाही. गादी बदलायला पाहिजे.

६ फेब्रुवारी, मंगळवार
आरतीनं स्कूटीचा विषय पुन्हा काढला नाही. कशानं जातेस विचारलं, तर म्हणाली, जातो मी बरोबर. सकाळी सहाला निघते, मी तेव्हा झोपेत असतो. समजूतदार बाई.
माझा सध्या रिकव्हरीचा काळ चालू आहे. स्नायू विश्रांतीत तयार होतात. सायकल मागच्या अंगणात कव्हर घालून ठेवली आहे (कव्हर नऊशे). खिडकीतून कव्हर दिसलं की बरं वाटतं. आज ते पाण्याच्या ड्रमसारखं गोल दिसलं. वाऱ्यानं फुगलं असेल.

११ फेब्रुवारी, रविवार
गारपीट. जायचं नक्की ठरलं होतं.
दुपारी जिनिंगवर सही केली. चौकीदार जानरावचा दीड एकर गहू आडवा झाला. तो सांगत होता, मी ऐकत होतो. मग त्यानंच विषय बदलला, विचारलं की तुमची अकोल्याची तयारी कुठवर आली? म्हटलं, जोरात. घरी येईपर्यंत अस्वस्थ वाटत राहिलं. पित्त असेल.

१८ फेब्रुवारी, रविवार
आज कव्हर काढलं. थक्क झालो. कॉम्प्युटरवर दोनशे सत्त्याण्णव किलोमीटर!
खूप विचार केला. मी स्वतःला कमी लेखत आलो आहे. माणसाला आपले कष्ट आठवत नाहीत, मशीन विसरत नाही.
फोटो काढून ग्रुपवर टाकला. एकवीस अंगठे. एका हाडांच्या डॉक्टरांनी लिहिलं, सायलेंट रायडर. आरतीला दाखवलं. तिनं बराच वेळ फोटो पाहिला. म्हणाली, चांगलं हाय, अन् पोळ्या लाटायला आत गेली.

१ मार्च, गुरुवार. होळी
फेब्रुवारीअखेर पाचशे तेरा किलोमीटर. ग्रुपनं सर्टिफिकेट पाठवलं. माझ्या नावाखाली सोनेरी चाक. जानरावलाही मोबाईलवर दाखवलं. तो म्हणाला, साहेब, या सालात कोनाचं तरी काहीतरी चांगलं होऊन राहिलं.

४ मार्च, रविवार. रात्री
पहाटे पाचला सतरा जण निघालो. मला मानानं पुढं ठेवलं. बडनेऱ्यापर्यंत मी पुढं होतो, कारण ते माझ्या मागे हळू चालवत होते. सीट खाली सरकलेली, गुडघे पोटाला लागत होते. लोणीच्या अलीकडं डोळ्यांपुढं काजवे चमकले. रस्त्याच्या कडेला बसलो. हाडांचे डॉक्टर थांबले, नाडी पाहिली आणि विचारलं, पाचशे किलोमीटर नक्की कुठं चालवले? म्हटलं, इकडंतिकडं.
संत्र्याच्या रिकाम्या गाडीतून परत आलो. सायकल उभी, मी आडवा.

५ मार्च, सोमवार. सकाळी
पाय दुखत असल्यानं सहाला जाग आली. मागं खडखड झाली. खिडकीतून पाहिलं. आरती कव्हर काढून ड्रमवर टाकत होती. सीट खाली केली, डबा हँडलला अडकवला, ओढणीला गाठ मारली.
बाहेर गेलो. विचारलं, तू सायकलनं जातेस? ती म्हणाली, महिना झाला. जाऊन येऊन चोवीस किलोमीटर. चड्डी नाही, बूट नाही, हेल्मेट नाही. चपलेवर.
म्हटलं, मला काहून नाही सांगितलं? ती म्हणाली, सांगतलं असतं तर तुमी मलेबी सामान घेऊन देलं असतं.
मग म्हणाली, तुमी तो फोटो दाखवला तवा सांगनार होतो. पन लय दिवसांनी तुमी असे खुशीत दिसले. जिनिंग बंद झाल्यापासून नुसते येरझारा घालता.
ती गेली. गिअर कसे बदलते ते पाहत उभा राहिलो. मला दुसऱ्या गिअरच्या वर कधी जमलं नव्हतं.

त्याच दिवशी, दुपारी
जानेवारीपासून मी स्वतः चालवलेले किलोमीटर मांडले. कालचे धरून चाळीसही भरत नाहीत.
ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. दोन वेळा खोडलं, तिसऱ्यांदा पाठवलं. अर्ध्या तासानं हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, मॅडम ग्रुपमध्ये येतील का?
आरती येण्याआधी सायकलची खरी किंमतही कागदावर लिहून ठेवली. बावीस.

६ मार्च, मंगळवार
आरतीनं तो कागद वाचला. रागावली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, तुमाले अकोल्याले जायचं हाय ना, रविवारी जाऊ, माह्या नंदेकडं.
मी विचारलं, सायकलनं?
ती म्हणाली, एस्टीनं. तुमचं तिकीट मी काढतो.