दुसऱ्या पालकाचा रकाना

३ मार्च, सोमवार

सतरा पानं! मदतीसाठी सतरा पानांचा फॉर्म! आणि माझं घोडं अडलं कुठे, तर पान चारवर. ‘पालक घटस्फोटित असल्यास दुसऱ्या पालकाचे उत्पन्न.’ खाली मुंगीएवढ्या अक्षरात — दुसऱ्या पालकाने सोबतचे प्रपत्र भरून सही करावी, अन्यथा अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

दुसरा पालक. जसा काही दुसरा मजला! चढून गेलं की आलाच.

बाबाला बघून सहा वर्षं झाली. घटस्फोटानंतर पहिल्या वर्षी रविवारचा यायचा. मग एकदा दारातच आईशी जुंपली, शेजारी बाहेर आले, आणि त्यानंतर तो आलाच नाही. फोनही नाही.

आई लाँड्रीतून आल्यावर तिला पान दाखवलं. तिने उभ्याउभ्याच वाचलं आणि फॉर्म पालथा घातला. ‘माझा पगार लिही. बाकी कोरं ठेव.’

कोरं ठेवलं तर परत पाठवतात, म्हटलं.

‘मग मेला म्हणून लिही!’ आणि लगेच स्वतःच जीभ चावली.

४ मार्च, मंगळवार

कॉलेजच्या मदत कक्षात गेले. तिथली बाई — एक चष्मा नाकावर, दुसरा केसांत. मनातल्या मनात मी तिचं नाव चारडोळे ठेवलंय. पण माणूस चांगली. समजावून सांगितलं. एक तर वडिलांचं प्रपत्र आण, नाहीतर ‘पाच वर्षांत कुठलाही संपर्क नाही’ असं स्वतःच्या सहीने लिहून दे. सोबत घराबाहेरच्या कुणाचं तरी पत्र. तसं असेल तर फक्त आईचा पगार धरतात. मग जवळजवळ पूर्ण फी माफ!

‘पण खरं असेल तरच हं,’ चारडोळे म्हणाली. चष्म्यावरून बघत.

खरंच तर आहे. सहा वर्षं! वीस तारखेच्या आत द्यायचं.

मग तिथेच का नाही लिहून दिलं मी?

६ मार्च, गुरुवार

काही केलं नाही. नखं खाल्ली. दहाही.

८ मार्च, शनिवार

भूमापन. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. आई म्हणते, ‘पट्टी घेऊन उन्हात फिरायला कॉलेज कशाला लागतं?’ पण लाँड्रीत सगळ्यांना सांगून बसलीय. भूगोलाच्या मॅडमनी एकदा आम्हाला शाळेमागच्या मैदानात दुर्बीण लावून दिली होती. आयुष्यभर सपाट म्हणून जिथे खेळलो ते मैदान एका टोकाला हातभर खाली होतं! कुणालाच माहीत नव्हतं. मला तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

वर्षाची फी म्हणजे आईचे आठ महिन्यांचे पगार. तेही आम्ही दोघी हवा खाऊन राहिलो तर.

आत्याला फोन केला. तिने पत्ता दिला. वर म्हणाली, ‘माझं नाव सांगू नकोस बाई.’ उद्या जाते. आईला सांगितलंय मैत्रिणीकडे अभ्यासाला जाणार. संपर्क नाही असं लिहून देण्याआधी एकदा विचारायला नको? नाही म्हणाला तरी निदान विचारलं असं होईल.

९ मार्च, रविवार

लिहायचंच नव्हतं. तरी लिहिते.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतो आणि त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. चार मजले! दार तिने उघडलं. त्याच्या बायकोने. ती कपडे शिवते. ओठांत टाचण्या धरलेल्या, म्हणून काही बोललीच नाही, नुसती मान हलवली — ये.

बाबा बारीक झालाय. केस रंगवतो. मला बघून उठला, मग बसला, मग परत उठला.

‘केवढी झालीस!’

‘तुम्ही कसे आहात?’

लहानपणी मी त्याला ‘तू’ म्हणायचे. आज तोंडातून ‘तुम्ही’ आलं. त्यालाही ते लागलं. दिसलं मला.

मी आधी फॉर्मचं बोलले. दुसरं काय बोलणार! त्याने चष्मा शोधला, सगळा कागद वाचला, एका जागी बोट ठेवलं. ‘यात हिच्या कमाईचाही रकाना आहे.’

‘हो. तुम्ही परत लग्न केलंय म्हणून.’

‘हिचा काय संबंध? मान मोडून चार पैसे मिळवते ती. ते मी का दाखवू?’

‘मग माझा काय संबंध?’ — हे मी म्हणाले? मीच म्हणाले!

‘तुझा आहे गं. पण कागदावर नको. आज सही केली की उद्या तुझी आई मला कोर्टात उभं करेल.’

‘आईला मी आलेय हेही माहीत नाही.’

तिचं शिलाई मशीन थांबलं. मग त्याने पाकिटातून नोटा काढल्या, माझ्या हातात कोंबल्या. ‘काहीतरी घे तुला.’ काहीतरी! मी त्या चपलांच्या फळीवर ठेवल्या आणि निघाले. त्याचं प्रपत्र तिथेच राहिलं. दोन जिने उतरले तोच ती मागून आली. आता तोंडात टाचण्या नव्हत्या.

‘अगं, तुझा कागद.’

‘राहू दे. रद्दीत घाला,’ म्हटलं. फार उर्मटपणे म्हटलं. ती कागद घेऊन परत वर चढली.

१० मार्च, सोमवार

गेलेच नसते तर! कालपर्यंत ते वाक्य खरं होतं. पाच वर्षांत कुठलाही संपर्क नाही. मीच चार मजले चढून ते खोटं केलं. याला म्हणतात आपल्या हाताने पायावर धोंडा.

१२ मार्च, बुधवार

भूगोलाच्या मॅडमकडे गेले, पत्र मागायला.

‘इतक्या वर्षांत एकदाही भेट नाही?’

‘नाही.’

एवढंच. अर्धा श्वासही लागला नाही. त्यांनी लगेच पेन उघडलं, त्यांच्या सुंदर अक्षरात पानभर लिहिलं. बाहेर येऊन वाचलं. शेवटून दुसरी ओळ — ‘ही मुलगी मोजमापातही आणि बोलण्यातही चोख आहे.’

पत्र घडी करून पिशवीत ठेवलं.

१४ मार्च, शुक्रवार

आई सही करायला बसली. तिच्या मनगटावर आज वाफेचा नवा चट्टा. ‘संपर्क नाही’ असा मी लिहिलेला कागद तिने दोनदा वाचला. ‘बरं झालं,’ म्हणाली. मग पेन हातात तसंच धरून — ‘सहा वर्षांत एकदा तरी यायचं होतं त्याने. मी हाकललं म्हणून काय झालं? हाकललं की माणूस कायमचा जातो होय?’

आईने असं कधी म्हटलं नव्हतं. कधीच. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, ‘इथे कर सही. खाली.’

१७ मार्च, सोमवार

दिला. चारडोळेने शिक्का मारला. धप्प!

२८ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. फोन वाजला की मी उडते. आज एक कप फोडला. आई म्हणाली, ‘अंगात काय भिंगरी शिरलीय का तुझ्या?’ एका जागी बसवत नाही म्हणून पावलं मोजत फिरते. घर ते लाँड्री सहाशे बारा. येताना सहाशे चाळीस. रस्ता तोच! दमलं की पाऊल आखूड पडतं, बाकी काही नाही.

रांगेत, आंघोळीत, कुठेही एकदम आठवतं — तो उठला, बसला, परत उठला.

४ एप्रिल, शुक्रवार

मंजूर!!! जवळजवळ सगळी! पुस्तकांचे पैसेसुद्धा! पत्र आईने वाचलं, मग मी मोठ्याने वाचलं, मग आईने परत मोठ्याने. ती हसत होती आणि नाक पुसत होती. लाँड्रीतल्या मावशीला फोन, आत्याला नाही. ‘कुणापुढे हात न पसरता झालं,’ आई म्हणाली. ‘कुणाचे उपकार नाहीत.’

मी पण हसले. जेवण गेलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

दुपारी चारडोळेचा फोन. ‘लगेच ये.’ गेले. टेबलावर माझी फाइल, आणि तिच्यावर टपालाने आलेलं एक प्रपत्र. दुसऱ्या पालकाचं. सगळं भरलेलं — त्याचा पगार, तिची शिलाई, दोघांच्या सह्या, तिची आधी. शेवटच्या ‘अधिक माहिती’च्या जागी बाबाचं तिरपं अक्षर: ‘मुलगी नऊ मार्चला स्वतः घरी आली होती. मी नाही म्हणालो. चूक झाली. तिच्या फीतला माझा जो वाटा असेल तो मी देईन. तिला रागावू नये.’

चारडोळेने दोन्ही चष्मे काढून ठेवले. ‘या फाइलमध्ये हे दोन्ही कागद राहू शकत नाहीत. हा उशिरा आला म्हणून परत पाठवता येतो. मग मंजुरी आहे तशीच. नाहीतर तुझा कागद तू मागे घ्यायचास. मग नव्याने हिशोब. निम्मीसुद्धा मिळेलच असं नाही.’

माझा काढा, म्हटलं. वर तसा अर्ज लिहून दिला.

आता आईची वाट बघतेय. आज तिला सांगायचंय की बाबा आहे.