बावन्न रविवारांचं पाणी

३ मार्च, रविवार

आज बावन्नावा रविवार. पुलाखालच्या पाण्यात प्राणवायू साडेसहा. माशांना पाच पुरतो. वहीत आकडा, आकड्याखाली माझी सही. आमच्या नदी समितीचे अध्यक्ष — निवृत्त बँक मॅनेजर, हातमोजे घालून कचऱ्याकडे फक्त बोट दाखवतात — टाळ्या वाजवून म्हणाले, "वर्ष झालं! नदी सुधारली!"

सुधारणारच! समितीच्या पांढऱ्या टोप्या घालून वीस माणसं वर्षभर चिखलात राबली आहेत.

काठावर नेहमीची मासेवाली जाळं सांधत बसली होती. म्हणाली, "बाई, तुमच्या बाटलीत नदी ठणठणीत, आणि माझ्या जाळ्यात मेलेले मासे. असं कसं?" मी फटकन म्हटलं, "मग जाळ्यातच खोट असेल." दवाखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं लोकांचं रक्त तपासलंय मी. ही मला शिकवणार!

५ मार्च, मंगळवार

प्रदूषण खात्याचं पत्र. पुलाच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना आहे, त्यांना दुसरी शेड बांधायचीय. परवानगीच्या अर्जाला, आम्ही दरमहा खात्याला पाठवतो त्या आमच्या वहीच्या प्रती जोडल्यात. वर्षभराची पानं, पानापानावर सह्या — सगळ्या माझ्या! पाणी स्वच्छ असल्याचा पुरावा म्हणे. सुनावणी चौदा तारखेला.

अध्यक्ष खूश. "आपल्या कामाची दखल घेतली!"

धाकटी बहीण म्हणाली, "ताई, आकडे खरे आहेत ना? मग कशाला तणतणतेस?"

खरे आहेत. तरी काहीतरी टोचतंय.

६ मार्च, बुधवार

मासेवालीचं बोलणं डोक्यातून जाईना. सकाळी एकटीच गेले. तीच बाटली, तेच थेंब, तोच रंगांचा तक्ता.

दोन.

पुन्हा केलं. दोन! काठाला जांभळट फेस, पाण्याला उग्र वास.

मासेवाली शेजारी उभी राहून बघत होती.  

७ मार्च, गुरुवार

प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न असायचा — "रिकाम्या पोटी आलात की खाऊन?" खोटं बोलणाऱ्याला परत पाठवायचे मी! आणि नदीला हा प्रश्न विचारलाच नाही. आम्हाला सवड रविवारी, म्हणून नमुना रविवारी. कारखान्यालाही सुट्टी रविवारीच असणार. वर्षभर नदी उपाशीपोटी येत राहिली आणि मी "प्रकृती उत्तम" म्हणून सही ठोकत राहिले.

मिशनच्या शाळेत सिस्टर म्हणायच्या, अर्धं सत्य म्हणजे इस्त्री केलेलं खोटं. माझी इस्त्री अगदी कडक होती.

१० मार्च, रविवार

आजही साडेसहा. आता त्या आकड्याची चीड येते.

समितीला सांगितलं, सुनावणीत मी सांगणार, या सह्या फक्त रविवारच्या पाण्यावरच्या. अध्यक्ष लालबुंद. "वर्षभराच्या कष्टांवर बोळा फिरवणार तुम्ही? लोक हसतील!"

"हसू देत. मासे तर हसत नाहीत ना, मरताहेत."

मग विचारलं, कामाच्या दिवशी नमुने घ्यायला कोण येईल? वीस जण. सगळ्यांना एकदम आपापल्या चपलांत भलताच रस! एकाने घड्याळ बघितलं. एकीला मुलाची परीक्षा आठवली. कुणाला बोल लावणार? पोटापाण्याचे उद्योग आहेत प्रत्येकाला.

१२ मार्च, मंगळवार

मासेवालीची माफी मागितली.  "असू दे हो बाई. त्यापेक्षा ती बाटली धरायला शिकवा." शिकवलं. पहिल्याच झटक्यात जमलं! मला प्रशिक्षणात आठवडा लागला होता.

आकडा — दीड.

१४ मार्च, गुरुवार

सुनावणी. 

म्हटलं, "आकडे खरे आहेत, त्यांचा अर्थ खोटा आहे. रविवारी कारखाना बंद असतो, म्हणून पाणी चांगलं दिसतं." कारखान्याचा मॅनेजर समोरच बसला होता.  मान डोलावून हसला.

अधिकारी म्हणाले, "बाई, सह्या तुमच्या आणि तक्रारही तुमचीच?"

"होय. हात दाखवून अवलक्षण केलंय. आता निस्तरायलाही मीच आलेय."

महिन्याची मुदत मिळाली. सगळ्या वारांचे आकडे आणा, नाहीतर दुसऱ्या शेडला परवानगी. ती शेड झाली की मासेवालीने जाळं गुंडाळून ठेवायचं, दुसरं काय?

एक महिना, दोन म्हाताऱ्या.

१५ मार्च, शुक्रवार

दोन. कारखान्यातल्या कोणाला दिसू नये म्हणून झुडपाआडून नमुना घेतला. या वयात लपाछपी!

१८ मार्च, सोमवार

कारखान्याच्या फाटकाला कुलूप. पहारेकऱ्याला विचारलं.

"आज आठवड्याची सुट्टी, आजी."

"सुट्टी रविवारी ना?"

"छे! रविवारी तर काम जोरात. घाण पाणी साफ करायचं मशीन तेवढं रविवारीच लावतात. पुलाखाली तुमच्या पांढऱ्या टोप्या दिसतात ना, म्हणून."

म्हणजे मशीन आहे. आणि आम्हाला बघून चालतं!

अध्यक्षांना फोन केला — लपाछपी बंद; रोज टोप्या दिसल्या की मशीन रोज चालेल. वीस टोप्या सात वारांत वाटा. कामावर जाताना अर्धा तास पुलाखाली उभं राहिलं तरी पुरे, पण दिसेल असं. आकडा चांगला आला तर येऊ दे, नदीला तोच हवाय; सुनावणीसाठी आधीचे दोन आणि दीड वहीत आहेतच.

मंगळवार माझा.