उजव्या बरगडीखाली

शिराझ,
शनिवार, २५ आझर

मंदाना खानम,

सलाम. तुम्ही आणि मुलं बरी असाल, बंदरातला उकाडाही आता सोसण्यासारखा झाला असेल. तुम्ही माझा नंबर बंद केला आहे, म्हणून हे पाकीट टर्मिनलवर बंदर अब्बासच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. "माझ्या आईला तुम्ही सगळ्यांसमोर काय सांगितलंत?" असं तुम्ही विचारलं होतं. उत्तर क्रमाने देते.

१. गेल्या महिन्याच्या, आबानच्या, अखेरीला तुमच्या आईंनी, तूरान खानमनी, अंगणातल्या नारिंगांचा मुरंबा केला. दरवर्षीप्रमाणे आमच्या अवयवदान मंडळात अवयव मिळालेले जेवढे आहेत त्या सगळ्यांना एकेक बरणी दिली.

२. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून आम्ही जन्मभर एक औषध घेतो. आंबट नारिंगाने त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. फार वाढलं तर ज्याला वाचवायचं तोच अवयव खराब होऊ शकतो.

३. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तूरान खानमना माहीत नव्हतं, कारण कोणी सांगितलंच नव्हतं. बरणी घ्यायची, "तुमचे हात दुखू नयेत" असे आभार मानायचे आणि शेजारी देऊन टाकायची, असं चाललं होतं.

४. यदुल्ला आगांनी या वर्षी मुरंबा खाल्ला. त्यांचे हात थरथरू लागले, लघवी कमी झाली, इस्पितळात ठेवावं लागलं. आता ते घरी आहेत. मूत्रपिंड वाचलं आहे. ते तुमच्या भावाचं, बर्दियांचं आहे.

५. गुरुवारी, १६ आझरला मंडळाच्या बैठकीत तूरान खानमनी पिशवीतून आणखी एक बरणी काढली. "यदुल्लासाठी आणलीय," म्हणाल्या. "इस्पितळातलं बेचव खाऊन त्याचं तोंड गेलं असेल. पण त्याला झालं तरी काय होतं?" कोणी बोललं नाही. मी सांगितलं.

६. त्या उठून गेल्या. तेव्हापासून त्यांनी आमच्यापैकी कोणासाठीही दार उघडलेलं नाही.

घटना एवढीच आहे.

आईंच्या शेजारच्या अख्तर खानमकडून तुमचा निरोप कळला. येत्या शुक्रवारी तुम्ही आईंना कायमचं बंदरला न्यायला येणार आहात आणि तोवर मंडळातल्या कोणी त्या घराकडे फिरकायचं नाही. पहिल्या गोष्टीबद्दल मी काही बोलू शकत नाही. दुसरीबद्दल लिहायचं आहे.

बर्दियांचं यकृत मला मिळालं. मी इंजिनिअर आहे, मोजमापाची उपकरणं तपासते: सोनारांचे काटे, दवाखान्यांतली रक्तदाबाची यंत्रं. आपण एकदाच भेटलो आहोत, किंवा भेटलो नाही म्हणा. तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या मेळाव्याला तुम्ही फाटकाशी आला होतात. माझ्या तोंडाकडे पाहिलंत, मग कोटाच्या उजव्या बाजूकडे. असं सगळेच पाहतात. तुम्ही मात्र पुन्हा वर, तोंडाकडे पाहिलंत आणि निघून गेलात.

त्या मेळाव्यात मंचावरून कोणी तरी म्हणालं होतं की बर्दिया जिवंत आहे, आज इथे बसला आहे, टाळ्या वाजवतो आहे. तुम्ही ते ऐकलंत की नाही, ठाऊक नाही. मी तसं कधीही म्हणालेले नाही. त्यांचं यकृत माझ्यात काम करतं, उत्तम काम करतं. ते स्वतः नाहीत. माझा अंदाज असा की या बाबतीत तुमचं आणि माझं मत एकच आहे, आणि म्हणूनच मंडळातर्फे इतर कोणी न लिहिता मी लिहिते आहे.

तुमची बस शिराझला पोचली तेव्हा आईंनी संमती दिली होती आणि बर्दियांना अवयव काढण्यासाठी आत नेलेलं होतं, हेही मला माहीत आहे. आईंनीच सांगितलं. सांगताना स्वतःची बाजू मांडली नाही. "ती माझ्याशी बोलत नाही, तिचं बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या.

मंडळात तुमच्या आई काय काम करत हे तुम्हाला कोणी सांगितलं आहे का? अतिदक्षता विभागाबाहेर एक बाक आहे. ज्यांच्या माणसाचा मेंदू थांबला आहे असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं ते तिथे बसतात. आमच्यापैकी बाकीचे बाहेरगावच्या पेशंटना सूप नेतात, औषधाची टंचाई झाली की शहरभर फिरून ते मिळवतात. बाकावर फक्त तूरान खानम बसत. त्या कोणाला "द्या" म्हणत नाहीत, "देऊ नका"ही म्हणत नाहीत. त्यांच्याजवळ लोकरीचे मोजे असतात, कारण बायका घरातून सपाता घालून धावत आलेल्या असतात आणि तिथली फरशी गार असते. मोजे चढवतात, चहा आणतात, शेजारी बसतात.

परवा गुरुवारी फसाहून आलेलं एक कुटुंब तिथे होतं. मुलगी एकोणीस वर्षांची. कोणी जायला तयार होईना, म्हणून मी गेले. मेंदूमृत्यू म्हणजे काय, तो बेशुद्धीपेक्षा वेगळा कसा, चाचण्या कोणत्या, हे मी बिनचूक सांगितलं. तिची आई म्हणाली, "फार उपकार झाले, डॉक्टर." आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिच्या पायांकडे माझं लक्ष गेलं, पण माझ्याजवळ मोजे नव्हते.

यदुल्ला आगांनाही मी भेटून आले. ते टॅक्सी चालवतात आणि बाई असो की पुरुष, सगळ्यांना शिराझी थाटात 'काको' म्हणतात. मी विचारलं, माहीत असताना का खाल्लंत?

"काको, मला सगळं ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण ती चमचा घेऊन समोर उभी. म्हणते, बर्दियाला हाच आवडायचा. आता तोंड वळवायचं ते कुणापासून, तूच सांग."

"एक चमचा खाऊन थांबता आलं असतं."

"चांगला झाला होता गं!"

आतून त्यांची बायको ओरडली, "बरणी चाटूनपुसून साफ केली मेल्याने! तीसुद्धा माझ्यापासून लपवून!"

"तूरानला म्हणावं, पुढच्या खेपेला गाजराचा कर," ते म्हणाले. "गाजराला कुणाची हरकत नाही. आणि असं दार लावून बसलीस तर मी टॅक्सी आडवी लावून हॉर्न वाजवत बसेन म्हणावं." हात अजून थोडे थरथरतात, पण चहा सांडला नाही. कालचा तपासणीचा निकाल मी पाहिला आहे, तो चांगला आहे. हे आईंना कृपया सांगा. त्यांना ते अजून कळलेलं नाही.

आता सोमवारबद्दल.

दर सोमवारी काम संपलं की मी तुमच्या आईंकडे जात असे. दार उघडलं की त्या आधी माझ्या उजव्या बरगडीखाली, कोटावरूनच, तळहात ठेवत. "कसं आहे माझं काळीज?" असं विचारत. मला कोणी हात लावलेला आवडत नाही. तरी मी उभी राहत असे आणि उत्तर देत असे: एन्झाइम मर्यादेत आहेत.

"एन्झाइम-बिन्झाइम राहू दे, नीट झोपतेस का? आणि तो कोट काढ आधी. माझ्या घरात काय तपासणीला आलीस?" मग जेवण वाढत, मी खाल्लेलं मोजत आणि म्हणत की चिमणीसुद्धा याहून जास्त खाते. मग माझे केस, माझी चप्पल, माझं लग्न. लार गावी माझे आईवडील आहेत. शस्त्रक्रियेनंतर तिथे मला भरलेलं पातेलं उचलू देत नाहीत, माझ्यासमोर कोणी आवाज चढवत नाही. मी खोलीत आले की बोलणं हळू होतं. तूरान खानम माझ्यावर ओरडत.

आपल्या भाषेत काळीज म्हणजे यकृत, ते खाटकाच्या दुकानातही मिळतं, आणि आई लेकराला हाक मारते तेव्हाही तोच शब्द असतो. तुमच्या आई मला काळीज म्हणत तेव्हा त्यांना त्यातलं कोणतं म्हणायचं होतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारण्याची गरज नाही, दोन्ही अर्थांनी वाक्य बरोबरच आहे, असं मी स्वतःला सांगत असे.

गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी मी ताप अंगात घेऊनच गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात कपाळावर ठेवला. बरगडीकडे नेला नाही. "अगं, भाजतेयस तू!" म्हणाल्या, आणि मला आत ढकललं. तुमच्या खोलीत, तुमच्या पलंगावर झोपवलं. ही गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण लिहिणं भाग आहे. त्या दिवशी दवाखान्यात जाईपर्यंत त्यांनी यकृताचं नाव काढलं नाही. मी वाट पाहत होते. पुढच्या सोमवारी हात पुन्हा बरगडीखाली होता. एका नोंदीवरून निष्कर्ष काढत नाहीत, असं मला शिकवलं आहे.

यदुल्ला आगा इस्पितळात होते त्या दिवसांत एक सोमवार आला. तूरान खानम त्यांच्या खाटेजवळ बसल्या होत्या आणि मला कळवायचं विसरल्या. मी दाराबाहेर अर्धा तास उभी होते. नंतरच्या गुरुवारी ती बैठक झाली.

क्रमांक पाचमध्ये मी 'मी सांगितलं' असं लिहिलं आहे. ते अपुरं आहे, कारण तुम्ही शब्द विचारले होते. माझे शब्द असे होते: "तुमच्या मुरंब्यापायी बर्दियाचं मूत्रपिंड जाणार होतं, थोडक्यात वाचलं."

त्या क्षणी सांगणं गरजेचं होतं. दुसरी बरणी टेबलावर होती आणि कोणीच तोंड उघडत नव्हतं. ते मी आजही सांगेन. पण 'यदुल्ला आगांचं मूत्रपिंड' असं म्हणता आलं असतं. बर्दियांचं नाव मी निवडलं. जे मला खरं वाटत नाही, जे मी मंचावरच्या माणसालाही बोलू दिलं नसतं, ते मी तुमच्या आईंना दुखवायला वापरलं. त्यांनी बरणी परत पिशवीत ठेवली. झाकण घट्ट आहे का ते पाहिलं. मग गेल्या.

त्यानंतरच्या सोमवारी मी बेल वाजवली. बोलण्याच्या जाळीतून आवाज आला, "कोण?"

"मी, लादन."

मग, "इंजिनिअर खानम, मी जरा कामात आहे."

पाच वर्षांत त्यांनी मला तसं एकदाही म्हटलं नव्हतं.

तुम्ही त्यांना न्यावं की नाही, हे तुमचं आणि त्यांचं आहे. तुम्ही पाच वर्षांनी त्या घरात पाऊल टाकणार आहात, त्यात मी मध्ये येऊ इच्छित नाही. परंतु आपल्या हातचं खाऊन आपल्याच मुलाचं उरलंसुरलं जाणार होतं, एवढंच मनात घेऊन त्यांनी शिराझ सोडलं, तर ते मी घातलेलं आहे आणि ते काढणंही माझं काम आहे. दुसरं कारणही आहे. ते लिहिण्यासाठी मी तीन कागद फाडले. मला त्यांना भेटायचं आहे. मंडळातर्फे नाही, आणि तपासणीचे आकडे सांगायलाही नाही.

शुक्रवारी सकाळी, तुम्ही घरात असताना, मी दाराशी येऊ का? आधी आईंना विचारा. त्या नको म्हणाल्या तर येणार नाही आणि पुन्हा लिहिणारही नाही. त्या काय म्हणाल्या ते मात्र त्यांच्याच शब्दांत कळवा, तुमच्या शब्दांत नको.

माझा नंबर पाकिटाच्या मागे आहे. बुधवारी, २९ आझरला दुपारपर्यंत उत्तर द्यावं, ही विनंती.

लादन