न पाठवलेल्या वहीबद्दल

मी, विनिफ्रेड अ‍ॅखर्स्ट, वय ८१, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार फॅव्हरशॅम, परगणा केंट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. माझे राहते घर धाकटी बहीण कै. मॉरीन हिचा मुलगा क्लाइव्ह याला द्यावे. तो छपरांची कामे करतो. या घराची कौले त्याने दोनदा बदलली, मजुरी न घेता.

२. ज्या ग्रामर स्कूलमध्ये, म्हणजे परीक्षेने निवडलेल्या मुलांच्या शाळेत, मी शिकले, त्याला काहीही देऊ नये. अकराव्या वर्षीची परीक्षा पास झाले म्हणून मला तिथे प्रवेश मिळाला आणि वडिलांनी नवी सायकल घेतली. दोन वर्षांनी मॉरीन नापास झाली. "तुझे हात चांगले आहेत," एवढेच ते तिला म्हणाले. पंधराव्या वर्षी ती फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यात लागली.

३. १९७९ साली क्लाइव्ह माझ्याच प्राथमिक शाळेत होता. त्याच परीक्षेत त्याला थोडे गुण कमी पडले. अशा काठावरच्या मुलांच्या वह्या मुख्याध्यापकांनी फेरविचारासाठी प्रवेश समितीकडे पाठवायच्या असत. मॉरीन कारखान्यातून थेट माझ्या खोलीत आली.

"विने, त्याची वही पाठवशील ना गं? माझं गेलं ते गेलं."

"पाठवते," मी म्हणाले.

वही चांगली होती. पण भाच्यासाठी वशिला लावला असे लोक म्हणतील, या भीतीने मी ती पाठवली नाही. मॉरीनला सांगितले, समितीने नाकारली. "मावशीनं खूप खटपट केली रे तुझ्यासाठी," असे ती त्याला मरेपर्यंत सांगत राहिली. मी ऐकून घेत राहिले.

४. कलम ३ क्लाइव्हला घराविषयी सांगण्याआधी वाचून दाखवावे. नंतर त्याने घर नाकारले, तर ते त्याच्या मुलीला द्यावे. तिनेही नाकारले, तर आग्रह करू नये.

मसुदा वाचून शेजारीण बेरिल म्हणाल्या, "जिवंतपणीच सांगा की त्याला. दर गुरुवारी येतोच ना तो?"

"सांगितलं, तर गुरुवारी कोण येईल?" मी विचारले.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोघा साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

विनिफ्रेड अ‍ॅखर्स्ट

साक्षीदार: बेरिल टॅपसेल, नॉर्मन गुडह्यू

फॅव्हरशॅम, १२ नोव्हेंबर २०२४