कोपऱ्यातल्या सासूबाई

प्रिय छकुले,

तुझा निरोप मिळाला. गोदामातले नवे वजनकाटे दोन किलोला पाचशे बारा दाखवतायत, तेव्हा ताईने गुपचूप येऊन बघावं आणि कुणाला कळू देऊ नये, असं तुझं म्हणणं. इतकी वर्षं साधा फोन नाही, आणि आता ताई आठवली. वाचून हसू आलं, पण ते काही चांगलं हसू नव्हतं.

आकडा ऐकताच दुखणं कळलं. काही प्रोसेसर आकड्याचा थोरला बाइट आधी ठेवतात, काही धाकटा; क्रम उलटा वाचला की दोनाचे पाचशे बारा होतात. म्हणून सी भाषेत प्रोग्रॅम लिहिताना मी आकडा सुटा करून ठरलेल्या क्रमाने एकेक बाइट पाठवायचे. तू मेमरीतलं गाठोडं उचलून जसंच्या तसं पुढे ढकलायचीस. माझ्या मशीनवर चालतंय ना, हे तुझं पालुपद. त्यासाठीच तर मी कोपऱ्यात ते उलट्या क्रमाचं, घरघरणारं जुनं मशीन ठेवलं होतं. प्रत्येक प्रोग्रॅम आधी त्याच्यावर चालवायचा. ते सगळ्यांच्या कामात खोट काढतं म्हणून त्याला सासूबाई हे नाव तूच ठेवलंस, आणि सगळ्यांत जास्त हसले ती मी.

मग तू प्रमुख झालीस. बोट धरून तुला त्या कंपनीत मी आणलं होतं, त्यामुळे आनंदही मलाच जास्त. तू आधी सासूबाईंना भंगारात काढलंस आणि पाठोपाठ मला. ताई फार वेळ खाते, असं वर सांगितलंस म्हणे. मला काढल्याचं मला कळलं ते दारावरच्या वॉचमनकडून. माझं कार्ड चालेना, तेव्हा बिचारा खाली मान घालून म्हणाला की मॅडम, तुम्हाला आत सोडायचं नाही असं सांगितलंय. आदल्या संध्याकाळी आईकडे तू माझ्या शेजारी बसून जेवली होतीस आणि चकार शब्द काढला नव्हतास. त्याचा राग अजून गेलेला नाही.

काटे मी दुरुस्त केलेत. तुझ्यासाठी नाही, तुझ्या निरोपाआधीच तुझ्या साहेबांचा फोन आला होता. सोमवारपासून तुझ्या खुर्चीवर मी बसणार आहे. तुला कधी सांगायचं ते अजून त्यांचं ठरत नव्हतं, म्हणून मी सांगते म्हटलं. दारावर अजून तोच वॉचमन आहे. तुला त्याच्याकडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझीच,
ताई